दोन मुळा आणि एक वल्हे

महाराष्ट्रात मुळा नावाच्या दोन नद्या आहेत. भूगोलाच्या परीक्षेत मुलांना गोंधळात पाडण्यापलीकडे या गोष्टीचा कुणाला फारसा उपयोग होत नाही. पण माझे निम्मे आयुष्य या दोघींनी वाटून घेतले आहे. एक आमची, नगर जिल्ह्यातली. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, जिभेला मात्र जुनी सवय आहे.) ती हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघते, डोंगरांतून वाट काढीत राहुरीला येते आणि नेवाशाकडे जाऊन प्रवरेला मिळते. दुसरी पुण्याची, मुळशीकडून येणारी. ती मुठेला भेटते आणि दोघी मिळून भीमेत जातात. आमची मुळा अखेर गोदावरीची होते, पुण्याची कृष्णेची.

राहुरीजवळ आमच्या मुळेवर सव्वीस टीएमसीचे धरण आहे. एवढे पाणी उशाशी असूनही त्यावर खेळायचे असते, हे आम्हा पोरांना कुणी सांगितले नव्हते. आमच्याकडे पाणी म्हणजे आवर्तन. पाटाला पाणी कधी सुटणार, चारीवर आपली पाळी कधी, पाटकऱ्याची मर्जी कशी आहे, यावरच घरातली निम्मी बोलणी चालत. पोहायला शिकलो तो विहिरीत, पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून. होडी पाहिली ती मासे धरणाऱ्यांची.

१९८१ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झालो. कॉलेज १८५४ सालचे आणि त्याचा बोट क्लब १९२८ सालचा. वसतिगृहातल्या एका थोरल्या मुलाने विचारले, "पोहता येतं का रे?" मी हो म्हटले. "मग उद्या पहाटे साडेपाचला नदीवर ये." एवढ्यावर माझी भरती झाली!

डिसेंबरची पहाट होती आणि नदीवर धुके. खाली बंडगार्डनला सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून शंभरावर वर्षांपूर्वी बांधलेला बंधारा आहे. त्याने पाणी तुंबून राहते, म्हणून संगमापर्यंत नदी तळ्यासारखी संथ दिसते. बंधारा बांधला तो पुण्याला पाणी पुरवण्यासाठी. होड्या तरंगू लागल्या तो वरचा लाभ. बंधाऱ्याचे पाणी म्हटल्यावर मला जरा घरच्यासारखे वाटले.

नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो बसण्याचाच. जायचे एका दिशेला आणि तोंड दुसऱ्या! वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. पुढचे दिसते ते सुकाणूवर बसलेल्या कॉक्सला एकट्याला. चौघांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि आपल्याला दिसणारा, मागे पडत जाणारा काठ पाहत राहायचे. दुसरा धक्का असा, की वल्हे हातांनी मारायचे नसते. पाय फळीला टेकवून जोर लावायचा तो मांड्यांनी. मग पाठ, आणि हात सर्वांत शेवटी. पाते पाण्यात उभे शिरले पाहिजे, बाहेर आले की आडवे झाले पाहिजे. जरा तिरके शिरले तर पाणी ते धरून ठेवते आणि वल्ह्याची मूठ थेट छातीवर येते. हा प्रसाद प्रत्येकाला मिळतो; मला पहिल्या आठवड्यात तीनदा मिळाला.

हाताचे फोड फुटून घट्टे पडले, तेव्हा कुठे एका सकाळी चारही पाती एका आवाजात पाण्यात पडली. होडी खालून कुणी उचलल्यासारखी सरकली. नांगराचे फाळ नीट लागून बैल एका चालीने निघाले, की वडिलांच्या चेहऱ्यावर जे दिसे, ते काय असते हे मला त्या सकाळी कळले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रेगाटा झाला. वडील एस. टी.ने आले, धोतर-टोपीत काठावर बसले. होड्यांच्या रांगा झाल्या, अंधार पडल्यावर पाण्यावर मशाली फिरल्या, सारे पुणे टाळ्या वाजवीत होते. वडील पाण्याकडे बघत होते.

"पोरा, हे पानी जातं कुनाच्या वावरात?"

"दादा, ही मुळा मुळशीकडनं येते. पुढं भीमेला मिळते."

"मुळशी? सेनापती बापटांची?"

मी चमकलो. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रहाला उभे राहिलेले सेनापती बापट आमच्या पारनेरचे, हे मला पाठ होते. पण ज्या नदीसाठी ते तुरुंगात गेले, तीच मी रोज वल्हवतो आहे, हे डोक्यात आले नव्हते. धरण झालेच. तिथले पाणी घाट उतरून कोकणच्या अंगाला वीज करायला जाते. पुण्याच्या वाट्याला उरलेली मुळा येते.

"आन भीमा तर सिद्धटेकावरनं जाती," वडील म्हणाले. सिद्धटेक कर्जत तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. "मग आपल्याकडंच येतंय की!" त्यानंतर मात्र त्यांनी शेवटच्या शर्यतीला मोकळेपणाने टाळ्या वाजवल्या.

या खेळाला पाणथळ मुलुखातली माणसे लागतात असे मानणाऱ्यांनी दत्तू भोकनळची गोष्ट ऐकावी. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात, तळेगाव रोहीसारख्या कोरड्या गावी वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा. २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे त्याने पहिल्यांदा वल्हे धरले आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवले. विहिरीच्या तळाशी तयार झालेल्या मांड्या होत्या त्या.

अलीकडे संगमावर गेलो होतो. शहराचे सांडपाणी नदीत येते, त्यावर जलपर्णी माजते; उन्हाळ्यात कधी कधी पात्र हिरव्या सतरंजीने झाकल्यासारखे दिसते. त्या दिवशी पोरे ती बाजूला सारून होडीला वाट करून देत होती. त्यातला एक पहिल्याच वर्षाचा असावा. वल्हे धरण्याच्या पद्धतीवरून कळत होते. गाव विचारले, तर म्हणाला, "श्रीगोंदा."

श्रीगोंद्याची शीव भीमेला लागते. मी त्याला दादांचा प्रश्न विचारला: हे पाणी कुठे जाते?

"आमच्याकडं," तो म्हणाला, आणि वल्ह्याला गुंडाळलेली जलपर्णी सोडवू लागला.