काळ्या दगडाच्या मुलखात : मुदखेड ते किल्लारी

सोमवार, मुदखेड

गाडीत विज्ञानकथांचा एक जुना दिवाळी अंक चाळत होतो. एका कथेत परग्रहावरची वसाहत आहे. घरं, तुरुंग, देवळं सगळी एकाच दगडाची. लेखकाने दगडाला भारदस्त नाव दिलंय आणि तो कापायला किरणयंत्रही. जंक्शनवर उतरलो, तर रुळांखाली तसाच सर्वकामी दगड पसरलेला, काळी खडी. भूगर्भवाले याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचा हा ऐवज. चंद्रावरचे डाग, ज्यांत आपण पोरांना ससा दाखवतो, ती याच दगडाची मैदानं. अपोलो-11 ने 1969 साली तिथून आणलेल्या नमुन्यांतही तो होता. मंगळावरही याचीच रेलचेल आहे. तेव्हा परग्रहावर भिंत बांधायचीच झाली, तर इकडच्या गवंड्याला माल ओळखीचा निघेल!

स्टेशनाबाहेर फुलांच्या पाट्या होत्या, गुलाब आणि गलांडा. ज्या काळ्या रानात ही फुलं येतात, ती माती याच दगडाची झीज. इथून देगलूर-बिलोलीच्या बाजूला सरकलं की काळ्याचं राज्य संपत येतं आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट डोकं वर काढतो.

मंगळवार, कंधार

एसटी उशिरा आली, किल्ला घाईतच झाला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी नाव जोडलेला हा भुईकोट. खंदकात पाणी होतं. तटाचे घडीव चिरे हात फिरवावा असे, सांधे घट्ट.

बुधवार, किल्लारी

जुन्या गावाच्या जागी आता झुडपं आणि ढिगारे आहेत. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं काळ्या दगडाच्या घरांतच गेली. या दगडाला तेव्हापासून बट्टा लागला. लोक म्हणू लागले, दगडाने मारलं.

नव्या किल्लारीत एका वयस्क गवंड्याजवळ बसलो. विचारलं, “मामा, दगडाचा दोष होता का हो?”

“दगडाचा कशाचा? मातीत रचलेला. रानात पडलेला गोल गोटा आणायचा, घडवायचं नाही. फुकट मिळायचा ना! आतून एक पदर, बाहेरून एक पदर, मधे चिपा न् माती. दोन्ही पदर धरून ठेवायला आरपार लांब दगड कोण टाकत होतं?”

त्यावर माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून चढवलेला मातीचा जाड थर, दरवर्षी डागडुजीत थोडा आणखी वाढलेला. हलल्यावर भिंतीचे पदर सुटले आणि आतबाहेर कोसळले. पण जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्या खणांच्या घरांत काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. ही गोष्ट अभियंत्यांनी नोंदवली. गावाला ती दुःखामुळे दिसली नाही, आणि त्यात गावाला बोल कसा लावणार?

पुनर्वसनात गावं हलली. रांगेत आखलेले रस्ते, सिमेंटची घरं. माळवदाखाली झोपायचं म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, असं मामा म्हणाले. पत्र्याखाली उकडलं तरी चालतं.

दगड मात्र गावाबाहेर गेलेला नाही. नदीची वाळू दुर्मीळ झाली, म्हणून क्रशरवर काळा दगड भरडून वाळू होते, गिट्टीही त्याचीच. ज्याला भिऊन भिंती सोडल्या, तोच स्लॅबमध्ये डोक्यावर आहे, फक्त भुकटी होऊन आणि सळईने बांधला जाऊन. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग बांधलेलाच बरा की!”

उद्या खरोसा. तिथली लेणी जांभ्यात कोरलेली, म्हणून फार झिजली आहेत. सकाळची औशाची एसटी धरायची आहे.