आतल्या गाठी

लोहचुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरण्याचा खेळ शाळेत आपण बहुतेकांनी केलेला असतो. कागदाला हलकेच टिचकी मारावी, की पाहता पाहता किसाच्या रेघा एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत वळणे घेत जातात. मायकेल फॅरडेने एकोणिसाव्या शतकात अशाच रेघांवरून चुंबकीय क्षेत्राचे चित्र मनाशी उभे केले. मला मात्र एक शंका छळीत असे. या रेघा झाल्या बाहेरच्या. चुंबकाच्या पोटात काय चालले असेल? "फोडून पाहिला तर?" असे मी गुरुजींना विचारले. ते हसून म्हणाले, "दोन चुंबक होतील. पाहायचे ते आतच राहील."

त्या शंकेचे उत्तर मला अगदी परवा, पन्नाशी उलटल्यावर, वाचावयास मिळाले. १९३२ साली जेम्स चॅडविकने शोधून काढलेल्या न्यूट्रॉनावर विद्युद्भार नाही. म्हणून कित्येक धातूंच्या जाड भिंतींतून तो सहज पार होतो. परंतु त्याच्या अंगी स्वतःचे सूक्ष्म चुंबकत्व आहे. सर्वांची तोंडे एका दिशेला करून न्यूट्रॉन वस्तूत सोडले, की आतील क्षेत्रामुळे त्यांची दिशा डुलत्या भोवऱ्याप्रमाणे फिरू लागते. पलीकडे एक प्रकारची चाळणी असते. जुळत्या दिशेचा न्यूट्रॉन तीतून पुढे जातो, उलट दिशेचा अडतो. वस्तू निरनिराळ्या कोनांतून फिरवून मिळालेल्या या उजेड-अंधारावरून आतल्या क्षेत्राचे चित्र जुळविता येते, आणि वस्तूवर ओरखडाही उठत नाही.

२००८ साली बर्लिन येथील शास्त्रज्ञांनी शिशाच्या कांडीचे असे चित्र प्रसिद्ध केले. शिसे उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत गारठले, की चुंबकीय क्षेत्राला अंगाबाहेर हुसकून लावू लागते. तरीही त्या कांडीच्या पोटात थोडे क्षेत्र अडकून राहिले होते. न्यूट्रॉनांनी ते नेमके दाखविले.

पण मी थबकलो तो निराळ्याच गोष्टीपाशी. मुळीच न फिरलेला न्यूट्रॉन आणि पुरती एक प्रदक्षिणा घालून आलेला न्यूट्रॉन चाळणीपुढे एकाच मुद्रेने उभे राहतात! तेवढ्यावरून आत क्षेत्र नाहीच, की पुष्कळ आहे, हे सांगता येत नाही.

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा वडील तेराव्यानंतर नित्याप्रमाणे कचेरीत जाऊ लागले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. तारुण्याच्या तोऱ्यात मी एकदा त्यांना विचारले, "तुम्हांला काहीच कसे वाटत नाही?" त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उठून गेले. आत काहीच नाही, असा निकाल देऊन मी मोकळा झालो.

शास्त्रज्ञ असा निकाल देत नाहीत. ते निरनिराळ्या वेगांचे न्यूट्रॉन पाठवितात. मंद न्यूट्रॉन आत अधिक वेळ रेंगाळतो, म्हणून अधिक फिरतो. त्याची वेगवानाशी तुलना केली, की लपलेल्या प्रदक्षिणा मोजता येतात.

आमची आत्या त्या उन्हाळ्यात महिनाभर येऊन राहिली होती. ओसरीवर वडिलांच्या शेजारी सुपारी कातरीत ती तासन्‌तास बसे. विचारीत काहीच नसे. जाण्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा रोज पहाटे त्याच्या चपला पुसून ठेवतो रे." मी त्याच घरात राहत होतो, मला ते दिसले नव्हते.

त्यानंतरही वडिलांशी त्याविषयी बोलण्याचा धीर मला झाला नाही. बोलायला हवे होते असेही नाही. नुसते बसता आले असते. आता मी निवृत्त आहे, हाताशी वेळ पुष्कळ आहे. ओसरीवरची त्यांची जागा मात्र रिकामी आहे.