बुडण्याआधीची रामदास

रामदास बोट म्हटलं की ऐकणारा थेट १७ जुलै १९४७च्या सकाळवर येतो. भाऊचा धक्का, गटारी अमावास्या, रेवसकडे निघालेली माणसं, काशाच्या खडकाजवळ कललेली बोट. सहाशेहून अधिक जीव गेले. पण बोट १९३६ची होती. मधली अकरा वर्षं ती पाणी कापत होती, ती वर्षं कोणी सांगत नाही. मला नेमकी तीच ऐकायची असतात.

भिवंडीतल्या टेमघरला राहून आगबोटीचा ध्यास घेणं तसं विचित्रच. इथे पाण्याशी आमचा संबंध जलशुद्धीकरण केंद्रापुरता. बाकी यंत्रमागांचा खडखडाट, कल्याण रस्त्यावरचे ट्रक, कापडाच्या गाठी चढवणारे हमाल. पण मुलूख मुळात खाडीचा. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची गलबतं बांधायला इथेच सुरुवात झाली. माल पाण्यावरून रस्त्यावर आला तो फार पुढे.

रामदासची कंपनी स्वदेशीच्या हवेतली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक इंग्रजी. लोक म्हणत 'माझी आगबोट कंपनी'. बोटींना नावं संतांची: तुकाराम, रामदास, सेंट अँथनीसुद्धा. भाविक उतारू ओढायची ही युक्ती मला फार आवडते. भाडं आणि पुण्य एकाच तिकिटात!

अशा आगबोटींवर कोकण जगलं. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही. खोल पाण्यात उभी राहून भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचे. लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणाला माणूस उचलायचा, पोतं उचलायचं, रडणारं पोरही उचलायचं. मुंबईकडे आंबे, नारळ, सुपारी, सुकी मासळी. परतीला कापड, साखर, रॉकेल आणि चाकरमान्यांच्या ट्रंका. डेकवर पथाऱ्या, त्यांच्यामधून वाट काढणारे खलाशी. सारंगाचा आवाज वर सगळ्यांना ऐकू यायचा. खाली भट्टीपुढे कोळसा ओढणारे आगवाले मात्र उतारूंना दिसतही नसत. बोट चालायची ती त्यांच्या घामावर.

संतांच्या नावांनी समुद्र बधला नाही. ११ नोव्हेंबर १९२७ला तुकाराम आणि जयंती या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. वीस वर्षांनी रामदास. जुलैचा पाऊस, उसळलेला समुद्र. पाणी आत आलं तसे घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट आडवी झाली. बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून दुपार कलेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. मग महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि ही बातमी त्या जल्लोषाखाली गेली.

त्या सकाळी रेवसहून मासळी भरून काही कोळी मुंबईकडे निघाले होते. पाण्यात माणसं दिसताच त्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि रिकाम्या होड्यांत माणसं भरली. रात्रंदिवस माल चढता-उतरताना पाहणाऱ्या माझ्यासारख्याला इथे थांबावंसं वाटतं. मासळीला दुसरा दिवस नसतो. ती त्याच दिवशी विकायची असते. त्यांनी अख्खी फेरी पाण्यात घातली, आणि त्यासाठी आधी कुणाला विचारलं नाही.