नेरळ-माथेरान रेल्वेची प्रतिकृति

नेरळहून माथेरानास जाणारी चिमुकली आगगाडी पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. ती इतकी वळणें घेत कां चालते, हा प्रश्न मात्र तिची प्रतिकृति करावयास घेईपर्यंत मला पडला नव्हता.

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानें व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या परिश्रमानें हा मार्ग 1904 ते 1907 या काळांत बांधला गेला. दोन रुळांमधील अंतर अवघें 2 फूट; लांबी सुमारें 20 किलोमीटर; कठीण जागीं चढ 20 फुटांस 1 फूट.

मजजवळ 9 मिलिमीटर रुंदीचा मार्ग होता. त्या मानानें प्रत्येक वस्तु सुमारें 68 पट लहान करावयाची. हिशेब करतांच दिसून आलें कीं, सबंध मार्ग मांडण्यास जवळजवळ 300 मीटर जागा व तीन मजली घराएवढा डोंगर लागेल! म्हणून 8 फुटी फळीवर एकच भाग करण्याचें ठरविलें. फळीवरून सरळ गेल्यास गाडी 5 इंचही वर चढत नाहीं. तेंच तीन फेरे घेतले तर 14 इंच चढते. वळण ही शोभा नव्हे, उंची गांठण्याची युक्ति आहे, हें तेव्हां उमगलें.

दोन डब्यांसह इंजिन चढलें. तिसरा जोडतांच चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. चढ कमी कर, असें वडील बंधूंनीं सुचविलें. मीं चढ तसाच ठेविला व डबा कमी केला.

माझे आजोबा तरुणपणीं याच मार्गावर गँगमन होते. आतां गुडघ्यांमुळें त्यांना घाट चढवत नाहीं. डोंगराचा सांगाडा उभा राहतांच ते म्हणाले, "बाळ, रूळ मागाहून टाक, आधीं पाण्याला वाट दे." जुलै 2005 च्या अतिवृष्टींत हा मार्ग जागोजागीं वाहून गेला आणि गाडी 2007 मध्यें पुनः सुरू झाली. 2019 च्या पावसानेंही तो मोडला. नेरळपासूनची गाडी 2022 मध्यें सुरू झाली. म्हणून मीं डोंगराच्या अंगास गटार खणलें व प्रत्येक घळींत मोरी बसविली.

तैलरंग वाळल्यावर आजोबांनीं माथ्यावर तांब्याभर पाणी ओतलें. तें मोऱ्यांतून खालीं उतरलें. रुळाखालची खडी जागची हालली नाहीं. आजोबा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून पाहुण्यांस इंजिनाआधीं मोऱ्या तेच दाखवितात.