ठाव
हिमप्रदेशात जाणारे गिर्यारोहक छातीशी एक छोटे यंत्र बांधतात. हिमस्खलनात गाडलेला माणूस बेशुद्ध असला, तरी त्याचे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर हाक देत राहते. सोबती आपली यंत्रे ऐकण्यावर लावून त्याचा माग काढतात. पहिली पंधरा मिनिटे लाखमोलाची!

मुंबईत बर्फ नाही. पण इमारती कोसळतात. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडजवळ एक इमारत पडली, ६१ माणसे गेली. झोपलेल्याच्या छातीशी कुठले यंत्र? अशा वेळी जवान सारी यंत्रे थांबवून कान देतात आणि शेजाऱ्यांना विचारतात, कोण कुठे निजत होते?

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचे अंथरूण कुठे पडते, हे मला पाठ आहे. उद्या इथे टॉवर होईल. बंद दारांमागचा ठाव मग कोण सांगेल?