पहाटे पाच ते संध्याकाळी पाच

४ मे, रविवार

नाव घातलं. मुंबई अल्ट्रा, १५ ऑगस्ट, शिवाजी पार्क, पहाटे ५ ते संध्याकाळी ५. अंतर ठरलेलं नाही, वेळ ठरलेली. शिवाजी पार्क ते वरळी, वरळी ते शिवाजी पार्क, बारा तासांत होईल तेवढं. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. हे वाचून आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं, शर्यतीत निदान शेवटची रेषा ओलांडली की सुटका असते. इथे जोरात पळून लवकर घरी जायची सोयच नाही.

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपुढे जे काही ते सगळं अल्ट्रा. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला परतीचा पेडर रोड चढताना मी दिव्याच्या खांबांना नावं ठेवत होते. त्याच्याही पुढे आणखी सहा-सात तास काढायचे आहेत.

शेजारच्या काकूंना गॅलरीत सांगितलं. त्या कपडे वाळत घालायच्या थांबल्या. "गो, बारा तास धावतलंस? पाठसून कोण लागलो हा?"

११ मे, रविवार

आमच्या पार्कातल्या ग्रुपमध्ये एक सत्तरीचे काका आहेत. अल्ट्राचं कळल्यावर त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हणाले, "चालायची लाज वाटते ना? ती आधी काढ."

वाटते, खरंच वाटते. पार्काच्या कट्ट्यावर सकाळी सातला अर्धं दादर बसलेलं असतं आणि चालणाऱ्याला "काय, दमलात?" विचारणं हा त्यांचा हक्क आहे. दमल्यावर चालणं सोपं. दम शिल्लक असताना, पाय "चल की" म्हणत असताना, घड्याळात वीस मिनिटं झाली म्हणून चालायला लागायचं हे अवघड. काकांचा हिशेब असा: वीस मिनिटं पळ, दहा मिनिटं चाल, आणि ते पहिल्या अर्ध्या तासापासून. सहाव्या तासाला चालायला लागलीस तर ते विश्रांतीचं चालणं नसतं, ते लंगडणं असतं.

आज तसं केलं. कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. दर फेरीत मला मागे टाकणारा एक कॉलेजचा मुलगा शेवटी बाकावर आडवा झालेला दिसला. मी चालतच त्याच्यावरून पुढे गेले. थोडा आनंद झाला, लपवत नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस आला, तोही मे महिन्यात. एरवी ११ जूनच्या आसपास येणारा मोसमी पाऊस आज मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतका लवकर तो नोंदींमध्ये कधी आलेला नाही म्हणे. पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौकाच्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याचे व्हिडिओ दिवसभर फिरत होते. अत्र्यांच्या नावाचं स्टेशन आणि पहिल्याच पावसात बुडालं. ते असते तर अग्रलेखाला दहा हजार वर्षांतला विषय मिळाला असता.

माझ्यापुरता अर्थ एवढाच की उन्हाळा टळला आणि ओल्या मोज्यांचा सराव पंधरा दिवस आधी सुरू झाला. ओल्या पायाची कातडी दोन-अडीच तासांत पांढरी पडते, सुरकुतते आणि मग फोड. आता बोटांच्या बेचक्यांत, टाचेला, काखेत, मांड्यांच्या आतून पेट्रोलियम जेली चोपडते. ब्राच्या पट्टीखाली जरा जास्तच. हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं. आंघोळीचं पहिलं तांब्याभर पाणी पडलं की कुठे लावायची राहिली ते आपोआप कळतं. बूट अर्धा नंबर मोठे घेतलेत, कारण तासागणिक पाय सुजतो. घरी आल्यावर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे. बाबा आधी कोडं सोडवतात, मगच पान माझ्या हवाली करतात.

८ जून, रविवार

आज दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स अल्ट्रा. यंदा उताराची, पीटरमॅरिट्झबर्गहून दरबानला. एक वर्ष खाली, एक वर्ष वर, असा साधारण शिरस्ता. नव्वद किलोमीटर, आणि मुदत आमच्यासारखीच बारा तास. पुरुषांत टेटे डिजाना जिंकला, बायकांत गर्डा स्टेन. पण मी मोबाइल घेऊन बसले ती रात्री, शेवटच्या तासासाठी. मुदत संपताना एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. बार झाला की वाट बंद. दोन पावलांनी हुकलेला माणूस तिथेच थांबतो, त्याला पदक नाही. पाठ का करायची, तर तोंड बघितल्यावर हात आखडेल म्हणून, असं मी आपलं धरून चालले आहे.

ही धाव पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅपमने १९२१ साली सुरू केली. तेव्हा ३४ जण निघाले, १६ पोचले. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईने, तिला नाव घालू दिलं नाही तरी, पूर्ण अंतर तोडलं. पदक मिळालं नाही, लोकांनी वर्गणी काढून चहाचा चांदीचा सेट दिला. बायकांना आणि काळ्या धावपटूंना रीतसर प्रवेश मिळायला १९७५ उजाडलं. ज्या पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर १८९३ मध्ये गांधीजींना डब्यातून उतरवलं, तेच हे गाव. आता तिथे दरवर्षी भारतातून घोळक्याने लोक पळायला जातात. आमच्या मुंबईचे सतीश गुजरान तर सलग दहा वर्षं पुरी करून आलेत.

मला सगळ्यात आवडतो वॉली हेवर्ड. पाच वेळा जिंकलेला गडी १९८९ मध्ये ८० व्या वर्षी पुन्हा उतरला. तेव्हा मुदत अकरा तासांची होती. दोन मिनिटंही शिल्लक नव्हती तेव्हा आत आला. त्यानंतर कॉम्रेड्स पुन्हा कधी पळाला नाही. एवढं शहाणपण आमच्या काकांपाशी आहे असं वाटत नाही.

१५ जून, रविवार

बाबांशी बोलणं. ते गिरणीच्या साचाखात्यात होते. ८२ च्या संपापर्यंत, म्हणजे खरं तर संपाने गिरणी संपवेपर्यंत.

"बारा तास," ते म्हणाले. "पैसे भरून."

मग त्यांनी मला इतिहास शिकवला. गिरण्यांत वीज आली तशी दिव्यांच्या उजेडात चौदा-पंधरा तास काम व्हायचं. १९११ च्या कायद्याने पुरुषांना बारा तासांच्या वर राबवायला बंदी केली. १९२२ मध्ये अकरा झाले, १९३४ मध्ये दहा, ४८ च्या कायद्यात नऊ. "एकेक तास काढायला दहा-बारा वर्षं लागली आणि तू एका दिवसात १९११ ला चाललीस." मी म्हटलं, माझ्यावर मुकादम नाही, वाटेल तेव्हा खाली बसता येतं. तर म्हणाले, "घड्याळ आहे ना हातात? मग मुकादम आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मात्र लांब पल्ल्याच्या धावा मी रविवारी करू शकते, तो रविवारही लालबाग-परळच्या माणसांना फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून लावून धरलं, १० जून १८९० ला गिरणीमालक कबूल झाले. परवाच त्याला १३५ वर्षं झाली. मी त्या दिवशी ऑफिसात होते, आठवणही झाली नाही.

उठताना बाबांनी कागदावरचा माझा हिशेब मागून घेतला. वीस मिनिटांत अडीच किलोमीटर, दहा मिनिटं चालून ९०० मीटर, तासाला ६.८. एक तास खाण्यापिण्यात आणि इतर भानगडींत गेला असं धरून अकरा तासांचे सुमारे ७५. त्यांनी ७५ खोडून ६० केले. "साचा चालू असला तरी धागा तुटतोच," म्हणाले.

६ जुलै, रविवार

आषाढी. काल सकाळी लांब, आज परत लांब, म्हणजे थकलेल्या पायांवर पळायची सवय. दादरहून फाइव्ह गार्डन्समार्गे वडाळ्याकडे गेले ही हौस. विठ्ठल मंदिराची रांग कुठवर आली होती ते विचारू नये. पुढे जायला वाट नव्हती, म्हणून एका दिंडीच्या मागे लागले. नऊवारीतल्या बायका, डोक्यावर तुळस, हातात टाळ. सहज घड्याळ पाहिलं: माझ्या ठरवलेल्या चालण्यापेक्षा किंचित हळू. त्यातली एक मला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "अगं, हात एवढे कशाला हलवतेस? जीव जातो त्यात." घरी येताना हात कमरेपाशी सैल ठेवून पाहिले. खांदे दुखले नाहीत.

२० जुलै, रविवार

पोटाचं जमत नाही. पाय चार तास नेतात, पोट तीन तासांत राजीनामा देतं. दुकानातली ती गोड जेलची पाकिटं दोन खाल्ली की तिसरं हातात घेतानाच मळमळतं. तासाला साठ ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलं पाहिजे, एका केळ्यात साधारण पंचवीस. आतड्यालाही सराव द्यावा लागतो. पळताना खायची सवय नसेल तर ते ऐनवेळी हात वर करतं.

घामाचं गणित सोपं निघालं. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन केलं: ५८.४ आणि ५७.८. मधे ४०० मिली प्यायले. म्हणजे तासाला लिटरभर घाम. या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता वाहतो, त्यामुळे अंगही गार होत नाही. पण जेवढा गेला तेवढं नुसतं पाणी ढोसायचं नाही. रक्तातलं सोडियम उतरलं तर डोकं भणभणतं, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. कमी पिण्याइतकंच जास्त पिणंही घातक. म्हणून ओआरएसची पुडी. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याची हजारो माणसं वाचवली, त्याच विद्येवर आम्ही हौसेखातर पळतो. वेदनाशामक गोळी मात्र नाही, कितीही दुखलं तरी. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर उठते.

तोंडाला चव नाही म्हणून दुपारी नुसती पडून होते. काकू उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या. कोमट, मीठ घातलेली, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. वाडगाभर प्यायले आणि दहा मिनिटांनी आणखी मागितली. पातळ, खारट, पिष्ट भरपूर, चावायचं काही नाही. बाराशे रुपयांच्या जेल पाकिटांनी जे केलं नाही ते!

२७ जुलै, रविवार

आज प्रयोग: दीड तास झाल्यावर हाजीअलीच्या फुटपाथवर उभं राहून थर्मासमधून पेज. पोटाने ब्र काढला नाही. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

दुसरा प्रश्न पुरुष धावपटूंच्या कुठल्याच वहीत सापडत नाही. पहाटे साडेचारला निघालेल्या बाईने सातपर्यंत जायचं कुठे? आता डोक्यात शहराचा वेगळाच नकाशा आहे: कुठलं स्वच्छतागृह पहाटे उघडं, कुठल्याला कुलूप आणि किल्ली पानवाल्याकडे, कुठे कडी नाही, कुठे बाईकडून पैसे मागतात आणि पुरुषाकडून नाही. 'राइट टू पी'वाल्या बायकांनी हा विषय मुंबईत २०११ पासून लावून धरलाय. मी तेव्हा पळत नव्हते आणि मला तो थोडा विनोदी वाटायचा. १५ ऑगस्टला नेमकी पाळीही येणार असं दिसतंय. पुढे ढकलायची गोळी घेणार नाही. पिशवीत एक कप्पा त्याचा, बस.

१० ऑगस्ट, रविवार

शेवटचे दहा दिवस पळणं कमी करायचं, असा नियम. पाय शिवशिवतात, गुडघ्यात नसलेल्या कळा येतात, घरात मी कोणाशी धड बोलत नाही. सकाळी नुसतीच चालत दादरपर्यंत गेले. कबुतरखान्याभोवती पोलीस, तो झाकणाऱ्या ताडपत्रीवरून झालेल्या गोंधळाची चर्चा, आणि कबुतरं समोरच्या इमारतींच्या कड्यांवर ओळीने बसलेली. फुलबाजारात मात्र नेहमीची दाटी. परतताना परळला एका कारखान्यातून गणपतीची मोठी मूर्ती निघत होती, पुढे ढोल, सगळा रस्ता बंद. पूर्वी अशा गर्दीत वैतागायचे. आज अर्धा तास उभी राहिले आणि मनात त्याला 'पायांवरचा वेळ' म्हणून जमेस धरलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पिशवी भरली. मोजे चार जोड, जेली, ओआरएस, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याची चिक्की, आगळ, जुना टॉवेल, टोपी. उद्या जोरदार पावसाचा इशारा आहे. बरंच झालं, ऊन नको.

बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर वेळापत्रक आखलंय. ५ ते ९ ते स्वतः छत्री घेऊन सावरकर स्मारकासमोर. ९ ते १ भाऊ. दर फेरीला माझ्या नावापुढे एक रेघ आणि मी काय खाल्लं त्याची नोंद, "नाहीतर तू खोटं सांगशील." ६० चा आकडा तसाच आहे, मी तो ६५ करावा म्हणून हुज्जत घातली. शेवटी ६२ वर तडजोड झाली.

दुपारी एकची पेज काकू स्वतः टॅक्सीने आणणार आहेत. मी म्हटलं, एवढा त्रास कशाला, भाऊ आणेल. त्यांनी ऐकून घेतलं नाही. दारातून परत फिरून म्हणाल्या, "आणि डबो परत हाड हां. थंयच टाकून येव नको."