अडखळती वाणी आणि सूनबाईंचें ऋण

वयाच्या चौथ्या वर्षापासून आम्हांस अडखळत बोलण्याची व्याधि आहे. सुश्रुतानें मूक, मिन्मिण व गद्गद असे वाणीचे जे विकार सांगितले आहेत, त्यांपैकीं शेवटला आमच्या वांट्यास आला. गंमत अशी कीं, श्लोक म्हणतांना किंवा वर्गाबरोबर एका सुरांत पाढे म्हणतांना जीभ सुरळीत चाले. अडे ती साध्या बोलण्यांत.

अशा मनुष्यानें चौतीस वर्षें मास्तरकी केली तरी कशी, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर अमरकोश हें आहे. 'पाणी' अडलें कीं आम्हीं 'जल' म्हणावें, 'जल' अडलें कीं 'उदक'. विद्यार्थ्यांस ती आमची विद्वत्ता वाटे! परंतु विशेषनामास पर्याय नसतो. हजेरी घेतांना किंवा कोणीं आमचें नांव विचारलें असतां कपाळीं घाम येई. टेलिफोनला तर आम्ही हातही लावीत नसूं.

निवृत्तीनंतर धाकट्या चिरंजीवांचें लग्न झालें. सूनबाई वाणी-चिकित्सा शिकलेल्या. पण वडिलांच्या व्यंगाचा उल्लेख करूं नये, हा घरचा जुना शिरस्ता. एके दिवशीं निवांत पाहून त्या म्हणाल्या, "मामंजी, रागावणार नसाल तर एक विचारूं? अडखळणें लपविण्यांत जितके श्रम जातात, तितके अडखळण्यांत तरी जातात का?" वैद्यांनीं वेखंड चाटविलें होतें, वडीलधाऱ्यांनीं 'सावकाश बोल' म्हणून बजाविलें होतें; हा प्रश्न मात्र साठ वर्षांत कोणीं केला नव्हता.

प्रौढांत शंभरांत सुमारें एकास ही व्याधि असते, पुरुषांत अधिक. ती भित्रेपणाची वा मंदबुद्धीची खूण नव्हे, असें त्यांनीं समजाविलें. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनींही 1926 पासून लायनेल लोग यांजपाशीं वर्षानुवर्षें अभ्यास केला होता. मग रोज सकाळीं अर्धा तास आमची शाळा भरूं लागली. पहिलें अक्षर जोर न करतां श्वासावर अलगद सोडावें, अडल्यास शब्द बदलूं नये, आणि आधींच सांगून टाकावें, "मी अडखळतों, क्षणभर थांबा."

व्याधि गेली नाहीं. तसें वचनही सूनबाईंनीं दिलें नव्हतें. परंतु परवां बँकेंतून टेलिफोन आला, तेव्हां तो आम्हींच घेतला. स्वतःचें नांव सांगतांना तीनदां अडलों, पण पुरें सांगितलें.

ज्या घरीं असें मूल असेल, त्या घरच्या वडिलांस एवढेंच विनवितों कीं, त्याचा शब्द तुम्ही पुरा करूं नका, थांबून ऐका. आमच्या सूनबाईंनीं आम्हांस दिलें तें हेंच, आणि त्याचें ऋण आम्ही आनंदानें वाहतों.